संतोषची सायकल

दशरथ : अकरा हजार? डोळे उघडून बघा जरा, मालक. अकरा हजारांत शाळेतल्या पोट्ट्यांची सायकल येते आजकाल.

अभय : उघडेच आहेत. आवाज तेवढा खाली घ्या, दुकान लहान आहे.

दशरथ : माझ्या पोरीनं हिच्यात पाऊण लाख घातले. तुमच्याच गल्ल्यात! बनवताना पाऊण लाख आन विकताना अकरा हजार? मंडईतला भाजीवाला बी इतकं पाडून मागत नाई.

अभय : मग मंडईत न्या. पलीकडेच आहे.

दशरथ : मले टोमणे मारू नका. इतकी कमी काऊन, ते सांगा.

अभय : सांगतो. पुढचं सस्पेन्शन चांगलं आहे, त्याचे पैसे धरले. गिअर, ब्रेक धरले. चाकंही धरली, मागचं थोडं आऊट आहे तरी. फ्रेमचे काही धरले नाहीत.

दशरथ : का बरं? सगळ्यात जास्त पैसे तर फ्रेमलेच गेले.

अभय : कारण तिच्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. भोसरीतला एक कारागीर गाठून मी ती जोडून घेतली. सेकंडहँड घेणारा आधी नाव बघतो, मग बिल मागतो, मग सायकलीला हात लावतो. आणि हे बघा, मधला दांडा इतका खाली. डाव्या पेडलची दांडी उजवीपेक्षा आखूड. वर पेडलला हा ठोकळा. जिचा डावा पाय नेमका एवढाच आखूड आहे आणि तरी जिला डोंगर उतरायची हौस आहे, असं गिऱ्हाईक मला आजपर्यंत एकच भेटलंय. तुमची अक्षता.

दशरथ : तिच्या पायाचं नाव काढू नका.

अभय : पायाचं नाव न काढता हिची किंमत करता येत नाही.

दशरथ : तुम्हीच केलं हे सगळं! पोरगी कंपनीच्या बसनं हिंजवडीले जायची, बसनं यायची. तुम्ही तिच्या डोक्यात डोंगर भरले. दिवाळीच्या आधी खांदा मोडून आली. मले सांगते, ऑफिसच्या जिन्यावरून पडली! दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कोणत्या घाटात पडली? तेव्हा कळलं बापाले.

अभय : ते तिनं तुम्हाला सांगायला हवं होतं.

दशरथ : आन तुम्ही?

अभय : मी सायकली बनवतो. पालकसभा घेत नाही.

दशरथ : बरं. अकरा तर अकरा. काढा पैसे. टेम्पोवाला बाहेर थांबला आहे, त्याले मोकळं करतो.

अभय : थांबा. तुम्ही किंमत विचारलीत, मी सांगितली. विकत घेतो असं कुठे म्हणालो? सायकल तिची आहे. मी तिला फोन केलाय.

दशरथ : कधी केला?

अभय : तुम्ही टेम्पोतून उतरवत होतात तेव्हा.

दशरथ : म्हणजे बापावर भरवसा नाई.

अभय : नाही.

अक्षता : बाबा, हात काढा सायकलवरचा.

दशरथ : तू? तू तर स्वारगेटले गेली होती ना, खांद्याच्या व्यायामाले?

अक्षता : तिथूनच आले, रिक्षा करून. मी फिजिओकडे गेले की लगेच सायकल टेम्पोत? एकदा विचारायचं तरी!

दशरथ : विचारलं असतं तर हो म्हणाली असती?

अक्षता : नाही.

दशरथ : मग!

अक्षता : मग काय? माझ्या पगारातून घेतलीय मी. सहा महिने एकेक पार्ट जमवत होते. आणि अभयदादा, तुम्हीपण? माझ्या सायकलचा रेट काढत बसलात?

अभय : मला कोणी किंमत विचारली की मी सांगतो. तोंडाला सवय आहे. फोनही मीच केला, तेवढं लक्षात ठेव.

दशरथ : ऐक. तू पडली. खोटं बोलली. मी विकायले आणली. यात माझं काय चुकलं?

अक्षता : तेवढंच असतं तर मी भांडले नसते, बाबा. मी खोटं बोलले, सॉरी म्हटलं, तीनदा म्हटलं. तुम्ही घाबरलात, तेही कळतं मला. पण तुम्ही घाबरून विकत नाही आहात. रविवारचं सांगा ना.

दशरथ : घरातलं इथं काढू नको.

अक्षता : काढणार! दादा, रविवारी मला बघायला लोक आले होते. मूळचे अमरावतीचे, मुलगा सुदर्शन, बाणेरला असतो. हॉलमध्ये सायकल उभी होती. त्याच्या मामांनी विचारलं, ही कोणाची? तर बाबा म्हणाले, संतोषची. संतोष म्हणजे माझा भाऊ. यवतमाळला असतो. त्याला साधी सायकलसुद्धा चालवता येत नाही! आणि मी समोर पोह्यांचा ट्रे घेऊन उभी.

दशरथ : मग काय सांगू? पोरगी लंगडते, तरी डोंगरावरून उड्या मारते, हे सांगू?

अक्षता : पाय त्यांना माहीत होता. बायोडेटात मी स्वतः लिहिला होता.

दशरथ : म्हणून तर! पाय त्यांनी चालवून घेतला. वरून अजून काय काय चालवून घ्या म्हणू त्यांले?

अक्षता : चालवून घेतला! ऐकलंत, दादा? उपकार केले माझ्यावर.

दशरथ : मी तसं नाई म्हटलं.

अक्षता : तसंच म्हटलंत. लहानपणापासून तुम्ही रस्त्यानं माझ्या डाव्या बाजूनं चालता. मला वाटायचं, मी पडू नये म्हणून. रविवारी कळलं. तुम्ही मला झाकत होतात.

दशरथ : हो, झाकत होतो! शाळा सुटली की पोट्टे त्याच बाजूनं लंगडत यायचे. तुझी नक्कल करत. तुले कधी दिसले? नाई दिसले, कारण मी मधात होतो. कारखान्यात हातापाया पडून पाळी बदलून घेतली होती त्याच्यासाठी. लाज वाटत होती म्हणून नाई, राग येत होता म्हणून. एकाच्या कानाखाली दिली, तर त्याचा बाप फौजदार निघाला. चौकीत उभं केलं मले, अर्धा दिवस. तुझ्या आईले सांगितलं, ओव्हरटाइम होता.

अक्षता : हे मला कधीच सांगितलं नाहीत.

दशरथ : सांगायची गोष्ट आहे ती?

अक्षता : आहे. मला वेगळं काहीतरी वाटत राहिलं ना मग. आणि तेव्हा मी दुसरीत होते, बाबा. आता नाही.

दशरथ : लोक तेच आहेत.

अक्षता : असतील. मी काल सुदर्शनला फोन केला.

दशरथ : कशाले?

अक्षता : सांगायला. सायकल माझी आहे. खांदा घाटात मोडला. आणि लग्न झाल्यावरही मी चालवणार.

दशरथ : कोणाले विचारून सांगितलं?

अक्षता : तुम्ही कोणाला विचारून संतोषची म्हणालात?

दशरथ : उलट बोलू नको! काय म्हणला तो?

अक्षता : काल काही नाही. सकाळी मेसेज आला. घरचे म्हणतात, जमणार नाही.

दशरथ : घरचे म्हणतात, का तो म्हणतो?

अक्षता : तेच विचारलं मी. त्याच्यावर उत्तर नाही आलं.

अभय : मी जरा बाहेर टेम्पोवाल्याशी बोलून येतो.

दशरथ : बसा तिथंच. इतका तमाशा पाहिला आमचा, आता उरलेला बी पाहा.

(बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतो.)

दशरथ : चांगलं घर होतं, अक्षू. पोरगा सरळ वाटला होता मले.

अक्षता : मलाही.

दशरथ : मग कशाले सांगितलं त्याले? लग्न झाल्यावर हळूहळू कळलं असतं.

अक्षता : आवडला होता म्हणून सांगितलं. नसता आवडला तर संतोषची म्हणून सोडून दिलं असतं.

(दशरथ सायकलचं मागचं चाक हातानं फिरवून बघतो.)

अभय : काका, पाणी घेता?

दशरथ : नको. ते मागचं चाक आऊट आहे म्हणत होते ना तुम्ही? मग असं बसून काय राहिले? सरळ करा. ब्रेक बी पाहा. सगळे नट पाहा. आन पैसे ती देईल, मी एक रुपया देणार नाई.

अभय : तिचा हिशोब तिच्याशी. त्या टेम्पोचं काय करायचं, तो हॉर्न थांबवत नाहीये.

दशरथ : थांबू द्या. त्यातच घालून नेऊ परत.

अक्षता : टेम्पो नको. डॉक्टरांनी आजपासून परवानगी दिलीय. चालवत जाते.

दशरथ : ह्या गर्दीत?

अक्षता : ह्याच गर्दीत.

दशरथ : मी तुझ्याशी बोलणार नाई, सांगून ठेवतो. घरी गेल्यावर बी नाई. जिन्यावरून पडली म्हणे!

अक्षता : नका बोलू. माझापण राग गेलेला नाही. घराची किल्ली तेवढी द्या, मी आधी पोचेन.