दोन नळ्या, एकच थुंकी

मांका: अमामा, तुम्ही मला आजीसारख्या, मी परत विचारते, रागावू नका. सतरा नंबरची ही नळी तुमची. तौसी. बरोबर?

तौसी: तू म्हणतेस तर असेल. जरा बाजूला हो, मूळ खणतेय, तुझ्या पायाखालचा दगड काढायचाय.

मांका: आणि अठरा नंबरची हानीती अमामांची.

हानीती: नळ्या सगळ्या सारख्याच दिसतात बाई. पावसाआधी आलीस, आमच्या अख्ख्या वस्तीला थुंकायला लावलंस, आम्ही थुंकलो. आता रिकाम्या परत घेऊन आलीस? थुंकी कुठं सांडलीस?

मांका: सांडली नाही. ती दार-ए-सलामला बर्फात आहे. या नळ्या नव्या आहेत, नुसत्या दाखवायला आणल्या. तिथं यंत्रानं सगळ्यांची थुंकी तपासली, आणि यंत्र म्हणतंय, सतरा नंबर आणि अठरा नंबर म्हणजे एकच बाई.

हानीती: म्हणजे कसं?

मांका: म्हणजे तुम्ही दोघी एकच.

हानीती: ऐकलंस का वहिनी? मग मी चाळीस वर्षं भांडतेय ते कुणाशी?

मांका: अगदी एकसारख्या जुळ्या बहिणी असल्या तरच असं होतं. तुम्ही जुळ्या आहात का?

हानीती: अगं, ही माझ्या भावाची बायको! जुळ्या असतो तर ही त्याचीही बहीणच झाली असती की! बघ की नीट. ही केवढी उंच, मी केवढी. हिचं नाक बघ. तुझं यंत्र आंधळं आहे.

मांका: यंत्र चुकत नाही. दोनदा तपासलं. म्हणून तर आमचे मोठे साहेब म्हणतात की मीच घोळ केला. एका बाईची थुंकी दोन नळ्यांत भरली, नाहीतर चिठ्ठ्या चुकीच्या लावल्या. आणि एक चुकली तर बाकीच्या बेचाळीस कशावरून बरोबर? सगळी टाकून द्या म्हणतात. दोन वर्षांचं काम आहे अमामा. यापुढं मला कुणी परत पाठवणार नाही. मी बसून बसून आठवतेय, चिठ्ठ्या माझ्या हातानं लावल्या, एकेकाचं नाव मोठ्यानं वाचलं. फक्त मध्ये एकदा गाडीकडे गेले होते, पाण्याचा डबा आणायला. पाच मिनिटं.

हानीती: हां, तेवढ्यात हिनंच तर...

तौसी: हानीती.

हानीती: काय हानीती? पोरीच्या पोटावर पाय येतोय इथं.

तौसी: ती तरुण आहे. दुसरं काम मिळेल तिला.

मांका: तेवढ्यात काय?

हानीती: काही मोठं नाही गं. हिचं तोंड कोरडं पडलं होतं. उन्हातून आलो होतो. म्हणाली, हानीती, माझ्याही नळीत तूच थुंक. माझ्या तोंडाला कधी काही कमी पडलंय का? थुंकले. थुंकी ती थुंकी, त्यात काय माझी-तुझी?

मांका: अगं बाई! म्हणजे चूक माझी नव्हती!

हानीती: रडतेस काय? हसतेस की रडतेस?

मांका: मलाच कळत नाहीये. दोन रात्री झोप नाही. मग सोपं आहे की. तौसी अमामा, या नव्या नळीत थुंका, मी लिहून देते काय झालं ते, आणि सगळं मिटलं.

तौसी: नाही.

मांका: तोंड कोरडं असलं तर थांबते मी.

तौसी: तोंड कोरडं नाही. तेव्हाही नव्हतं.

हानीती: म्हणजे? मला तर तू...

तौसी: हे धर. सांभाळून, लांब आहे, मोडेल. हाताएवढी एक्वा निघाली. अजून आत एक आहे.

हानीती: एक्वा राहू दे. मुळं रोजचीच आहेत. तू माझ्याशी खोटं बोललीस?

मांका: अमामा, थुंकायचं नसेल तर तुमच्यावर जबरदस्ती नाही. मी तेव्हाही तसंच सांगितलं होतं. पण का, ते सांगाल?

तौसी: आधी तू सांग. थुंकीत काय बघता?

मांका: तेव्हा सांगितलं होतं मी. एक्वा भाजून चघळली की आधी पिठूळ लागते, मग हळूहळू गोडसर होते. हो ना? ते पीठ गोड करण्याचं काम थुंकी करते. थुंकीत एक रस असतो. तो कसा करायचा हे आपल्या अंगात आईबापांकडून लिहून आलेलं असतं. कुणाच्या अंगात ते दोनदाच लिहिलेलं असतं, कुणाच्या सहादा, कुणाच्या दहादा. जास्त वेळा लिहिलेलं असलं की रस सहसा जास्त.

हानीती: मीही सगळं दहादा सांगते. ते त्यामुळंच का?

मांका: आणि ते असं का झालं ते आम्ही शोधतोय. फार जुनी गोष्ट आहे. तुम्ही हाद्झा नव्हता, गुरं राखणारे दातोगा नव्हते, आमच्या किलिमांजारोच्या उतारावर केळी लावणारे चागा नव्हते, त्याच्याही कितीतरी आधी. शिकार काही रोज मिळत नाही. पण जमिनीत मुळं असतात, आणि बायका ती खणत होत्या. पुढं विस्तव आला, मुळं भाजता आली. ज्यांच्या तोंडात त्याचं गोड व्हायचं, त्यांच्या पोरांना वाईट दिवसांत जरा जास्त ताकद मिळाली असेल, ती जगली असतील. आपलं डोकं केवढं मोठं आहे, त्याला चालायला सारखं गोड काहीतरी हवं असतं. ते कुठून आलं? काही जण म्हणतात मांसामुळं माणूस माणूस झाला. आम्हाला वाटतं, यात मुळांचाही वाटा असेल.

हानीती: हे आमच्या पुरुषांना सांग ना कुणीतरी! हरीण मारलं की आठ दिवस छाती फुगवून फिरतात.

तौसी: त्या दिवशी तू आणखी एक सांगितलं होतंस.

मांका: काय?

तौसी: म्हणालीस, इथून पुढं दातोगांच्या वस्तीवर जाणार. ते गुरं राखतात, पिढ्यान्पिढ्या दुधावर वाढलेत. त्यांच्या तोंडात हा रस कमी असेल का, ते बघणार. तुमची थुंकी आणि त्यांची थुंकी शेजारी शेजारी ठेवली की कळेल.

मांका: हो, म्हणाले होते.

तौसी: म्हणून.

मांका: म्हणून काय? मला नाही समजलं.

हानीती: मलाही नाही. दातोगांच्या थुंकीशी तुला काय करायचंय?

तौसी: हानीती, खाली बस.

हानीती: बसलेलीच आहे.

तौसी: माझा बाप लोहार होता.

हानीती: कुणाचा? हाद्झांत कुठं लोहार असतात? बाणाची पाती तर आपण दातोगांकडून... वहिनी?

तौसी: हो. तो पाती घेऊन डोंगरापलीकडच्या हाद्झा वस्तीवर यायचा, मध घेऊन जायचा. मी एवढी असेन, त्याच्या कमरेला डोकं लागायचं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. गवत गेलं, मग गाई बसायला लागल्या. बसलेली गाय उठत नाही. दूध आटलं. माझा धाकटा भाऊ होता अंगावर पिणारा, आईचंही आटलं. तो गेला. मग बापानं मला खांद्यावर घेतलं आणि मध देणाऱ्या बाईकडे आणून सोडलं. म्हणाला, तुमच्याकडे जमिनीत खायला आहे. पाऊस पडला की येतो न्यायला.

मांका: मग?

तौसी: पाऊस पडला.

मांका: आणि तो?

तौसी: दोन पावसाळे मी वाटेकडे बघायची. मग दुधाचे दात पडले, नवे आले, बोली विसरले. बघायचं कधी थांबले ते आठवत नाही.

हानीती: नाही. थांब. मला हे जुळतच नाहीये. मागच्या वर्षी दातोगांची गुरं आपल्या एक्वाच्या वेलींवर घुसली, तेव्हा सगळ्यांत पुढं कोण होतं? काठी घेऊन? तू! त्या गुराख्याला तू अशा शिव्या दिल्यास की मी कानावर हात ठेवले!

तौसी: दिल्या.

हानीती: गाईला दगड मारलास!

तौसी: मारला. मग झुडपामागं जाऊन बसले. तुला वाटलं लघवीला गेले.

हानीती: आणि माझा भाऊ? त्याला माहीत होतं?

तौसी: लग्नाआधीच सांगितलं. म्हणाला, खणता येतं ना? मी म्हटलं, येतं. म्हणाला, मग झालं.

हानीती: आणि मला नाही सांगितलं! तो मेल्यावर माझ्याच झोपडीत माझ्या शेजारी झोपतेस, आणि मला नाही! त्यानंही नाही, तूही नाही. मी काय तुला हाकलून दिलं असतं?

तौसी: नसतं.

हानीती: मग?

तौसी: माहीत नाही गं. आधी लहान होते म्हणून नाही सांगितलं. मग इतके दिवस झाले होते की आता कसं सांगायचं म्हणून नाही. आणि मग ही पोरगी नळी घेऊन आली. म्हटलं, तोंड मी बंद ठेवलं तर थुंकीच बोलायला लागली.

मांका: अमामा, चूक माझीच झाली. मी नीट समजावलं नाही. थुंकीतल्या या रसावरून असं नाही कळत, की ही हाद्झा आणि ही दातोगा.

तौसी: तूच म्हणालीस, त्यांच्यात कमी असेल.

मांका: शंभर माणसं इकडची, शंभर तिकडची घेतली, तर सरासरीत थोडा फरक दिसेल. कदाचित. एकेका माणसाचं काही सांगता येत नाही. आणि तुमचं नाव कुठं कुणाला दिसणारही नाही, नुसता नंबर.

तौसी: मला मात्र ठाऊक आहे माझ्यात कमी आहे. सुरुवातीला एक्वा खाल्ली की पोट हे असं फुगायचं. रडायची मी. मग ती बाई, माझी आई म्हण, ती आधी स्वतः चघळायची, मऊ करायची, धागे थुंकून टाकायची आणि उरलेलं माझ्या तोंडात घालायची. किती दिवस ते आठवत नाही. तिच्या तोंडातलं खाऊन जगले मी.

मांका: म्हणजे तिच्या थुंकीनं ते आधीच गोड... अमामा, हे मी लिहून घेऊ?

तौसी: लिहू नको. ऐक नुसतं.

हानीती: म्हणून नळीत माझी थुंकी घातलीस होय!

मांका: थांबा. मी तुम्हाला दाखवतेच. माझ्या डब्यात सकाळची उगाली आहे, मक्याच्या पिठाची उकड. पाण्यात अशी कालवायची. या तीन बाटल्यांची बुचं, तिन्हींत थोडी थोडी. आणि हे जखमेवर लावायचं आयोडीन, एकेक थेंब.

हानीती: अगं बाई, काळंनिळं झालं!

मांका: पीठ असलं की निळं होतं. आता प्रत्येकीनं आपापल्या बुचात थुंकायचं आणि काडीनं ढवळायचं. थुंकीनं पीठ संपवलं की निळं जाईल. ज्याचं आधी गेलं त्याचा रस जोरात. हे माझं, हे हानीती अमामांचं. तौसी अमामा, हे कुठंही न्यायचं नाही. इथंच मातीत ओतून टाकू.

तौसी: इथंच?

मांका: इथंच. तुमच्यादेखत.

(तिघी आपापल्या बुचात थुंकतात आणि वाकून बघत राहतात.)

हानीती: कुणाचंच काही होत नाही.

मांका: वेळ लागतो.

हानीती: हे बघ, जांभळं झालं. कुणाचं आहे ते?

तौसी: माझं. मी काही केलं नाही.

मांका: तांबूस झालं... गेलं. तौसी अमामा, तुमचं सगळ्यांत आधी गेलं.

तौसी: तू बुचं बदललीस.

मांका: नाही हो, तुमच्यासमोरच तर आहेत. आता माझंही फिकं होतंय.

हानीती: आणि माझं? माझं तसंच! हे काय गं? ढवळतेय मी मघापासून. आणखी थुंकू का?

मांका: थांबा जरा.

हानीती: मी जन्मल्यापासून मुळं खाते, माझी आई, तिची आई. आणि माझंच निळं? मग दातोगा मी आहे की काय? मला कुणी आणून सोडलं होतं? वहिनी, तुझ्या भावानं... नाही, माझ्या भावानं तुला काही सांगितलं होतं का माझ्याबद्दल?

तौसी: हानीती, तुझ्या गालात तंबाखू आहे.

मांका: तंबाखूनं असेल, नाहीतर थेंब मोठा पडला असेल, नाहीतर तुम्ही आत्ताच पाणी प्यायलात. मलाही नक्की सांगता येत नाही. खरंच. तेच मी मघापासून सांगतेय, एका माणसावरून काही ठरत नाही.

हानीती: मग एवढ्या लांबून गाडी घेऊन येता कशाला, काही ठरतच नाही तर?

मांका: पुष्कळ जण मिळून ठरतं. 

तौसी: माझं पहिलं गेलं.

मांका: हो.

तौसी: मग ते पोट का फुगायचं?

मांका: उपाशी होतात. लहान होतात. कितीतरी दिवसांनी पोटात काही पडत होतं. आणि तोंडात रस असला तरी एक्वा चिवट, धाग्यांची... मला माहीत नाही अमामा.

तौसी: माझ्यात आधीपासूनच होतं? की त्या आईचं खाऊन आलं?

मांका: खाऊन येत नाही. तेवढं पक्कं आहे. जे आहे ते लोहाराकडून आणि तुमच्या जन्माच्या आईकडून आलेलं.

तौसी: म्हणजे ते दिलं होतं त्यांनी मला.

हानीती: उरलेली उगाली टाकू नकोस पोरी, इकडे दे. वहिनी, धर. खा. तोंड बघ कसं झालंय तुझं.

तौसी: नळी आण.

मांका: देता? नक्की? फक्त माझ्या कामासाठी देऊ नका.

तौसी: बेचाळीस माणसांची थुंकी माझ्यापायी कशाला फेकायची? आण.

मांका: इथं एक रकाना भरायचा असतो. जमात. त्या वेळी मी न विचारताच हाद्झा लिहिलं होतं. आता काय लिहू?

तौसी: काय लिहायचं गं?

हानीती: मला काय विचारतेस? मला आता माझंही सांगता येत नाही. ती जागा सोड गं तशीच, मांका. सोडता येते ना?

मांका: येते. साहेब विचारतील.

हानीती: विचारू देत.

तौसी: आण ती नळी.

मांका: लगेच नाही चालणार. आत्ता उगाली खाल्लीत ना. अर्धा तास काही न खातापिता बसायचं, मग थुंकायचं.

तौसी: अर्धा तास काय करायचं?

हानीती: तुझं लहानपणीचं नाव काय होतं?

तौसी: उदा... पुढचं गेलं.

मांका: दातोगा मुलींची सगळी नावं उदानंच सुरू होतात.

तौसी: हो ना. म्हणजे जे सगळ्यांचं तेवढंच राहिलं.

हानीती: आई कशी होती?

तौसी: हातात पितळेची कडी होती. इथपर्यंत. मला फार काही आठवत नाही हानीती. आणि खालचं मूळ अजून निघायचंय, ऊन चढतंय.

हानीती: मुळं काय, उद्याही इथंच असतील. तू सांग. जेवढं आठवतं तेवढंच सांग.