कॉम्प्युटरची सुट्टी

आमच्या समाजाच्या हॉलमधले चार कॉम्प्युटर सगळ्यांसाठी आहेत, फक्त हॉल सांभाळणारे दत्ताअण्णा कुणाला हात लावू देत नाहीत. आयुधपूजेला, म्हणजे हत्यारं-अवजारं पुजायच्या खंडेनवमीला, शोभाअक्का धावत आली. लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस.

"आज हत्यारांना विश्रांती. उद्या ये," कीबोर्डला कुंकू लावत अण्णा म्हणाले.

"आणि तुमचा मोबाईल? सकाळपासून पूजेचे फोटो पाठवताय!" मी भडकले.

अण्णांनी तोऱ्यात मोबाईललाही कुंकू लावून पूजेत ठेवला. तेवढ्यात तो वाजला. दुबईहून नातीचा व्हिडिओ कॉल! अण्णांचा हात पुढे गेला.

"राहू द्या, अण्णा. उद्या बोला," मी म्हणाले.

अण्णांनी अक्काकडे पाहिलं.

"सरी, ठीक आहे, एक कॉम्प्युटर उठव. पण कुंकू पुसू नको," ते मला म्हणाले.

अर्ज गेला. एंटरचं बटण अजून लाल आहे.