डब्ब्यावरची उदबत्ती

कम्प्युटर चालू नाई होत म्हणून कोणी दुकानात आलं, की मी आधी विचारतो, "पूजा तं नाई केली ना याची?" हसू नका, ऐका.

मागच्या उन्हाळ्यात अल्लीपूरचे एक काका कम्प्युटरचा डब्बा घेऊन आले. बटन दाबलं की पंखा फिरे, पण स्क्रीन काळाच. मी खोलून पाह्यलं तं आत राखच राख. अन् कुंकू ओलं होऊन सगळीकडे चिकटलेलं.

मी चिडलोच. "काका, एवढी राख कायची?"

"उदबत्तीची. रोज वरच्या जाळीत खोचतो. फुलानं पाणी शिंपडतो."

"दसऱ्याले करतेत लोकं पूजा. रोज काऊन?"

"पोरीचा हाय तो. पौषात वारली ते."

मी रॅम काढून खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. स्क्रीन आला, पण हार्ड डिस्क दिसेचना. तिच्यावर कुंकवाचं पाणी उतरून ती जळली होती.

"काका, डिस्क गेली. नवीन टाकून देतो, चालू होऊन जाईन."

"टाका मंग," काका म्हणाले.

मी डिस्क काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, "पण आता याची पूजा नका करू. पोरीच्या फोटोले हार घालत जा, उदबत्ती तिथंच लावत जा."

काका म्हणाले, "तेच तं करतो ना बापा. सारे फोटो तिनं याच्यातच ठेवले हाय."