न पाहिलेल्या खोलीचे नियम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि फुलबाजारातले आपले ज्येष्ठ आदरणीय चिमाजी आप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, जिच्यासाठी आपण जमलो ती भाग्यश्री, तिचे आईवडील भागुबाई आणि भिमाजी, मघाशी उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसलेल्या तिच्या आजी कुसाबाई, आणि लग्नसराईतूनही वेळ काढून इंदिरानगरच्या या सभागृहात आलेल्या बंधुभगिनींनो,

भाग्यश्री आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मी तिचा मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोन महिने मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाला चालली आहे. आप्पांनी कौतुकानं सांगितलं, की पोरगी नॅनोच्या कारखान्यात चालली, आता आपल्याला गाडी स्वस्तात मिळेल. टाळ्याही जोरात पडल्या. आप्पा, राग मानू नका, ती नॅनो वेगळी. ही नॅनो म्हणजे माप. आपल्या केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढ्या रेघा सिलिकॉनच्या चकतीवर उमटवायच्या. धुळीचा कण बसला की चकती वाया. असलं काम ज्या खोलीत चालतं, तिथं पदवी हातात नसलेल्या मुलांना शिरायला मिळणं सोपं नाही. हिला ते स्वतःच्या हुशारीवर मिळालंय.

मी खिशात लिहिलेलं भाषण आणलं होतं. त्यात विज्ञान, प्रगती, नाशिकचं नाव वगैरे बरंच होतं. आता ते वाचवत नाही.

थोड्या वेळापूर्वी इथं काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. शाल-नारळ झालं आणि कुसाबाई स्वतःच्या मळ्यातल्या मोगऱ्याचा गजरा घेऊन पुढं आल्या. भाग्यश्रीनं डोकं मागं घेतलं. आजींनी पुन्हा हात पुढं केला, तिनं पुन्हा मागं घेतलं. आजी म्हणाल्या, "माज्या हाताला काय घाण लागलीय का गं?" आणि त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मग कुजबुज सुरू झाली. लय शिकली बाई, आत्ताच ही तऱ्हा, मुंबईहून आल्यावर तर ओळखसुद्धा द्यायची नाय. आणि भिमाजी उभे राहून म्हणाले, "एवढा माज आसंल तर उद्या गाडीत बसायचं नाय. घरी ऱ्हायचं."

या सगळ्यात मी कुठं होतो? इथंच, या खुर्चीत. भाग्यश्रीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी बशीतल्या पेढ्याकडं पाहिलं.

मंडळी, फुलं माळायची नाहीत हे तिला सांगितलं कुणी? मी! निवड झाल्याचं कळलं त्याच दिवशी स्टाफरूममध्ये तिला उभं करून त्या खोलीचे नियम ऐकवले. फूल नको, पावडर नको, कुंकू नको, अत्तर नको. आणि वर ठसक्यात म्हणालो, "आजपासूनच सवय लावून घे." तिनं लावली. त्या दिवसापासून ती पहाटे मोगरा तोडायला मळ्यात गेली नाही. भागुबाई, तुम्हाला वाटलं असेल, पोरीला आता आपल्या कामाची लाज वाटायला लागली. तिला फक्त माझा शब्द मोडायचा नव्हता.

आता पुढचं सांगताना जीभ जड होते. ती खोली मी कधी पाहिलेली नाही. इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, पण ती चकती हातात धरलेली नाही. फळ्यावर रंगीत खडूंनी थर काढतो, मुलं पाठ करतात, पास होतात. नियम मी एका माहितीपुस्तिकेत वाचले. त्यात लिहिलं होतं, आत जाताना अंगावर फुलं नकोत. आत जाताना! निरोपाच्या दिवशी नकोत, मळ्यात जाऊ नका, असं कुठंही नव्हतं. 'आजपासून' ही माझ्या पदरची भर. तिला वाटावं की सरांना आतलं सगळं ठाऊक आहे. आणि माझ्या हाताखालची मुलगी माझ्याआधी आत चालली, हे मला कुठंतरी खुपलंही असेल. असेल काय, खुपलंच.

वडील भरसभेत ओरडले, तरी "सरांनी सांगितलंय" एवढं वाक्य तिनं तोंडातून काढलं नाही. माझी अब्रू राखायला ती स्वतः बोलणी खात उभी राहिली. मला मान वर करून बोलायची लाज वाटते आहे, मंडळी.

भिमाजी, माज माझा होता. तिला उद्या जाऊ द्या, एवढी विनंती आहे. काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला... "माजी आई हो म्हनली तर जाऊ दे." बरोबर आहे तुमचं. आजींना दुखावून ती गेली, तर दोन महिने तिचं लक्ष त्या चकतीवर लागायचं नाही.

आप्पांनी मला बोलायची संधी दिली, मंडळानं पाहुणा म्हणून मान दिला, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक आलं असेल तर ते आपण पोटात घालालच. पण स्टाफरूममध्ये जे बोललो, त्याची क्षमा या व्यासपीठावरून मागून भागणार नाही. ती शेवटच्या रांगेत जाऊन मागायची आहे. भाग्यश्री, चल माझ्याबरोबर.

आणि तो माइक बंद करा. पुढचं बोलणं सगळ्यांनी ऐकायचं नाही.