हवेतला टेकू

बसा हो हरिचंदभाऊ, उभं राहून कागद लवकर निघत नाही — उद्या स्लॅब आहे, माहीत आहे मला, सेंट्रिंग ठोकून झालं, मजुरांच्या जेवणाचं रूपावहिनींनी ठरवलं, सगळं सांगितलं तुमी, आता तेच या कॉम्प्युटरला सांगा. हे मानून नाही राहिलं. तुमचं घर अख्खं यात उभं केलं मी, खांब, बीम, स्लॅब, अन् हिशेबाला लावलं की याची एकच रट — अस्थिर आहे, अस्थिर आहे. परवापासून हेच. अख्ख्या वारंगा फाट्यावर लोकांची घरं उभी राहतात, मी यात उभं केलेलंच काहून पडते? — तुमचं नाही हो पडत, बसा.

काय होते सांगू? स्लॅब असा अख्खा समजत नाही याला, बारीक चौकोन पाडून द्यावे लागतात, अन् त्या चौकोनांचे कोपरे खालच्या बीमच्या सांध्यांवर बराबर यायला पाहिजेत. नाही आले तर? दिसायला चिकटलेलं दिसते, पण याच्या लेखी स्लॅब हवेत. गोधडीचा टाका काठात गेलाच नाही, तसं. मग बसलो एकेक बीम तोडत, सांधे जुळवत — मान आखडली, बायको म्हणे जेवायला चला, तिच्यावर ओरडलो, तिची काय चूक? काहीच नाही. पण एरर कमी होत गेले. कमी होत होत एकच राहिला, तुमच्या पोर्चपाशी. तो काही केल्या जाईना.

आत्ता घालवला, तुमच्यासमोर. — कसा म्हणजे, हे पाहा, इथं निळा त्रिकोण दिसतो? तो टेकू. दिला एक टेकू ठेवून, याचं तोंड बंद. हा निघाला कागद, ही केली सही, धरा — सगळेच करतात हो, एखाद्या ठिकाणी — काय? कशाचा टेकू? कशाचा म्हणजे... कशाचाच नाही. इथं आहे, कॉम्प्युटरात. खाली काही नाही तिथं.

थांबा. खाली काही काहून नाही? तुमच्या पहिल्या नकाशात पोर्चला पुढं खांब होता की. एकच होता, पण होता. मागून स्लॅब भिंतीवर नुसता टेकलेला, पुढून तो खांब, अन् वर तुमची पाण्याची टाकी. तुमी आणून दिलेल्या या नव्या नकाशात तो गेला कुठं? — काढायला लावला? कोणी? — खाली काय पाहून राहिले भाऊ, नाव सांगा ना. — बाबांनी? आमच्या बाबांनी?

दारासमोर खांब म्हणजे द्वारवेध, घराला दोष. व्हय, म्हणतातच ते. डोंगरकड्याच्या देवळात बसून अर्ध्या तालुक्याची दारं फिरवली त्यांनी. उद्धवमहाराज बोलले की झालं. माझ्याकडं तरी लोक काहून येतात, शिकलो म्हणून? महाराजांचा पोरगा म्हणून येतात, तुमी बी त्याचमुळं आले. हे टेबल बी त्यांनी सांगितलं त्या तोंडानं लावलंय, ऊन सरळ डोळ्यावर येते, तकलीफ होते, पण हलवायची हिंमत नाही झाली — हे कशाला सांगून राहिलो तुमाला, जाऊ द्या. अन् परवापासून या मशीनला शिव्या घातल्या. ते बिचारं खरंच बोलत होतं. पोर्च पडणार, एवढंच सांगत होतं, मीच त्याचं तोंड दाबलं.

तो कागद द्या इकडं. — महाराजांना एकदा विचारून घेतो म्हणता? विचारा. पण हे बी विचारा, की टाकी भरल्यावर त्या पोर्चखाली कोण बसणार, तुमची लेकरं का महाराज? — तसं नका पाहू माझ्याकडं, बाप आहे माझा, मला बी लागते बोलताना. दारासमोर नको तर बाजूला दोन खांब घेऊ, माझी ना नाही, पण त्याला खड्डे खणावे लागतील, पाया घ्यावा लागेल. उद्या स्लॅब होत नाही. मुहूर्त त्यांचा असला तरी होत नाही. द्या. सही माझी आहे त्याच्यावर, त्यांची नाही.

झालं, फाडला. थांबा, बाबांना फोन लावतो. — बाबा, स्वानंद बोलतोय. हरिचंदभाऊंचा उद्याचा स्लॅब थांबवला. — मी. मी थांबवला. — हो, मुहूर्त तुमीच काढला, माहीत आहे. — बाबा? — बाबा?

ठेवला त्यांनी. तुमी निघा आता, भाऊ.