शेजारचं झाड

लेलंड : कॉफी पुरे, अर्डिस. मी वेगळ्याच कामाला आलोय.

अर्डिस : ते कळलं. माझा नॉर्बर्ट वारल्यापासून पहिल्यांदा मागच्या दाराने आलास. सख्ख्या बहिणीशी बोलायला एवढं अवघड?

लेलंड : खांदा गेला माझा. डॉक्टर म्हणाला, यापुढे धनुष्य ओढायचं विसरा.

अर्डिस : कुठला?

लेलंड : उजवा.

अर्डिस : नॉर्बर्टचाही उजवाच होता.

लेलंड : माहीत आहे. त्याचा क्रॉसबो, ते चापाचं धनुष्य, अजून आहे का? शनिवारी धनुष्याने हरणं मारायचा हंगाम सुरू होतोय.

अर्डिस : 'बंदूकच ती, नुसता बाण लावलेली.' कोण म्हणायचं रे असं?

लेलंड : मी.

अर्डिस : त्या एप्रिलला, शिकारीच्या नियमांवरच्या सभेत, अख्ख्या जिल्ह्यासमोर.

लेलंड : धनुष्य ओढताना हात हलतो, हरणाला दिसतं, ते पळतं. तीच तर शिकार. क्रॉसबोची दोरी आधीच चढवलेली, नुसता चाप दाबायचा, वर दुर्बीण. ज्यांना हवा त्यांनी बंदुकीच्या हंगामात यावं, एवढंच म्हणालो. नॉर्बर्टबद्दल नव्हतो बोलत.

अर्डिस : माझा नवरा तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. हात गळ्यात बांधून.

लेलंड : त्याच्यासारख्या हात अधू झालेल्यांना कायद्याने तेव्हाही क्रॉसबोची मुभा होती.

अर्डिस : कायद्याची होती. तुझी नव्हती. दरवर्षी शेजारशेजारच्या झाडांवर मचाण बांधून बसायचात, आणि 'माझ्या शेजारच्या झाडावर तो घेऊन बसू नकोस,' असं याच टेबलाशी त्याला म्हणालास.

लेलंड : मला वाटलं, चार शिव्या घालेल आणि येईल. नेहमी तसंच करायचा.

अर्डिस : नाही आला. पहाटे उठून शिकारीचे कपडे चढवायचा, थर्मास भरायचा आणि या खिडकीशी बसायचा. हरणं पडलेली सफरचंदं खायला यायची. मी म्हणायचे, मार की दारातूनच. तर म्हणायचा, एकट्याने काय मजा.

लेलंड : मला कुणी सांगितलं नाही.

अर्डिस : विचारलंस कधी?

लेलंड : आता आपल्या विस्कॉन्सिन राज्यात सगळ्यांनाच क्रॉसबोची मुभा आहे. रानात गर्दी झालीय, मी म्हणालो होतो तश्शी. फक्त माझ्या शेजारच्या झाडावर कुणी नसतं.

अर्डिस : तुझं म्हणणं खोटं नव्हतं रे. पण ते कुणासमोर बोलतोयस, ते तरी बघायचं.

लेलंड : द्यायचा नसेल तर राहू दे. मी रागावणार नाही.

अर्डिस : गोठ्यात खुंटीवर आहे. आण जा.

(लेलंड क्रॉसबो घेऊन येतो.)

लेलंड : एक ओरखडा नाही याच्यावर. आणि दोरीला मेण ताजं कसं?

अर्डिस : मी लावते. तो सांगून गेला होता, दोरी सुकू द्यायची नाही. ती चढवायला दोन्ही हातांचा जोर लागतो. तुला जमेल?

लेलंड : नाही.

अर्डिस : त्यालाही नव्हतं जमत. त्याच्यासाठी मी शिकून घेतलं होतं.

लेलंड : माफ कर मला, अर्डिस.

अर्डिस : ते त्याला सांगायचं होतंस. शनिवारी उजाडायच्या आत ये मला न्यायला. शेजारचं झाड रिकामंच आहे ना?