छत्रीवाला गरीब नाही

जुना नियम काढून टाकणं सोपं असतं म्हणता, तर आमच्या जमातीचं ऐका. साठ सालच्या आसपास कुवेतमधल्या बनेद अल-गार वस्तीतल्या एका खोलीत आम्ही रत्नागिरीकडच्या एकाच गावची माणसं राहायचो. कोणी बेकार झाला तर काम मिळेपर्यंत जमात त्याला फुकट जेवू घालायची. पण नियम गावाकडचेच, आजोबांच्या वेळचे. त्यातला एक असा, की ज्याच्याकडे छत्री आहे तो गरीब नाही, त्याला मदत नाही.

इब्राहिमची नोकरी गेली. गडी भर पावसाळ्यात गावाहून आलेला, त्याची छत्री खुंटीलाच होती. जमातीचे म्होरके दाऊदचाचा म्हणाले, "छत्री आहे. जेवण नाही."

माझं डोकं फिरलं. "चाचा, इथे पाऊस आहे कुठे? तो छत्री काय भाजून खाणार?"

बैठक बसली, वाद झाला. शेवटी चाचा म्हणाले, "बरं, छत्रीचा नियम रद्द. पण मग पैसेवाला ओळखायचा कसा? त्याच्या जागी घड्याळ घाला. मनगटावर घड्याळ असेल त्याला जेवण नाही."

सगळ्यांनी आपापल्या मनगटाकडे पाहिलं. इब्राहिम सोडला तर प्रत्येकाने पहिल्या पगारात घड्याळच घेतलं होतं, आणि उद्या कोणाची नोकरी जाईल याचा नेम नव्हता.

भुकेला इब्राहिम म्हणाला, "ठरलं ना? मग जेवायला कधी बसायचं? वाजले किती?"

कोणालाच सांगता येईना. सगळ्यांचे डावे हात पाठीमागे गेले होते, चाचांचासुद्धा.